‘द काइट रनर’ शिकताना : हसनला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?



खालिद होसेनी यांची ‘द काइट रनर’ ही कादंबरी २००३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मराठीतही तिचा अनुवाद मिळतो. इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. करणारी आपल्या भागातली बरीच मुलं ही कादंबरी वाचतात. काही अभ्यासासाठी वाचतात, काही कुणी सांगितलं म्हणून. वाचून झालं की प्रश्न ठरलेला असतो : ‘या कादंबरीतील मैत्री, विश्वासघात आणि प्रायश्चित्त या आशयसूत्रांची चर्चा करा.’ उत्तरही ठरलेलं असतं. अमीर आणि हसन जिवलग मित्र होते, अमीरने मित्राला दगा दिला, पुढे त्याच्या मुलाला वाचवून पाप धुतलं. तीन मुद्दे, तीन परिच्छेद, गुण पदरात.

माझं म्हणणं असं आहे की हे उत्तर अपुरं आहे. ते पूर्णपणे अमीरच्या बाजूने लिहिलेलं आहे. आणि वाटूरसारख्या गावात, जिथे एकाच बाकावर जमीनदाराचं लेकरू आणि ऊसतोड्याचं लेकरू शेजारी-शेजारी बसतं, तिथे हे पुस्तक फक्त अमीरच्या बाजूने शिकवणं बरोबर नाही. का, ते सविस्तर सांगतो.

कथा थोडक्यात

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी. काबूलमधल्या एका श्रीमंत पश्तून घरात अमीर वाढतो. वडील मोठे व्यापारी, त्यांना अमीर ‘बाबा’ म्हणतो. आवारातच मातीच्या खोलीत त्यांचा नोकर अली आणि अलीचा मुलगा हसन राहतात. ते हजारा. दोन्ही मुलं बरोबर खेळतात, डाळिंबाच्या झाडाखाली बसतात. अमीर ‘शाहनामा’तल्या रुस्तुम-सोहराबच्या गोष्टी वाचतो आणि हसन ऐकतो, कारण त्याला वाचता येत नाही.

१९७५च्या हिवाळ्यात पतंगांची स्पर्धा होते. अमीर बारा वर्षांचा आहे. तो शेवटचा निळा पतंग काटतो. काबूलमध्ये कटलेला पतंग धावून पकडणं हाही मानाचा भाग. हसन तो पतंग अमीरसाठी आणायला पळतो. एका गल्लीत आसेफ नावाचा दांडगा मुलगा त्याला गाठतो. ‘पतंग दे’ म्हणतो. हसन देत नाही. तेव्हा त्याच्यावर लैंगिक अत्याचार होतो. अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हे बघतो आणि पळून जातो.

पुढे अमीर स्वतःचं घड्याळ आणि पैसे हसनच्या अंथरुणाखाली ठेवून त्याला चोर ठरवतो. हसन न केलेली चोरी कबूल करतो. बाबा माफ करायला तयार असतात, तरी अली आणि हसन घर सोडून जातात. नंतर सोव्हिएत फौजा येतात, बाबा आणि अमीर देश सोडतात आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात पोहोचतात. २००१ साली बाबांचे जुने मित्र रहीम खान यांचा पाकिस्तानातून फोन येतो. अमीर तिथे जातो तेव्हा कळतं की हसनला आणि त्याच्या बायकोला तालिबानने मारलं, त्यांचा मुलगा सोहराब अनाथाश्रमात आहे, आणि हसन हा बाबांचाच मुलगा होता. म्हणजे अमीरचा सावत्र भाऊ. अमीर काबूलला जातो, आसेफच्या तावडीतून सोहराबला सोडवतो आणि अमेरिकेत घेऊन येतो.

मैत्री होती का?

पहिला मुद्दा मैत्रीचा. गाइडमध्ये सरळ ‘मित्र’ लिहिलेलं असतं. पण कादंबरीत अमीर स्वतःच कबूल करतो की हसनला त्याने नेहमीच्या अर्थाने कधी मित्र मानलं नाही. बाबा अलीबरोबर लहानाचे मोठे झाले, पण त्यांच्या आठवणींमध्ये अली ‘मित्र’ म्हणून येत नाही. सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे ही गोष्ट तोंडावर बोलतो तो खलनायक. आसेफ गल्लीत हसनला विचारतो की घरी पाहुणे आले की अमीर तुला खेळायला का घेत नाही? हसनकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं.

मैत्री ओळखायची एक साधी कसोटी आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतं का? तुम्ही दोस्ताला म्हणालात, ‘चल रे, मोटार चालू करायला मळ्यात जाऊ,’ आणि तो म्हणाला, ‘आज नाही येत, कंटाळा आला,’ तर ती मैत्री. त्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल, तर तिला दुसरं काहीतरी नाव द्यावं लागेल. हसन सकाळी अमीरचा नाश्ता करतो, त्याच्या कपड्यांना इस्त्री करतो, पुस्तकं भरून देतो आणि मग अमीर शाळेत जातो. हसन शाळेत जात नाही. संध्याकाळी दोघं खेळतात. या खेळाला अमीर मैत्री म्हणू शकतो. हसन काय म्हणत असेल?

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. मराठवाड्यात सालगड्याची पद्धत गावोगाव होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. गुढीपाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाच्या शेतात राबायचं. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत जाता येत नाही. अशा गड्याचं लेकरू आणि मालकाचं लेकरू एकाच शेतात वाढतं. दोघं मिळून विहिरीत पोहतात, बोरं पाडतात, संक्रांतीला पतंग उडवतात. पण जेवायची वेळ झाली की एक ओसरीवर आणि दुसरा गोठ्याकडे. मालकाचं पोरगं मोठेपणी कौतुकानं सांगतं, ‘आमच्या गड्याचा पोरगा माझा लई जिगरी होता.’ तो जिगरी आता कुठे आहे, हे विचारलं की बहुतेक वेळा माहीत नसतं.

भाषेकडे बघा. कादंबरीत हसन अमीरला ‘अमीर आगा’ म्हणतो. आगा म्हणजे साहेब, मालक. अमीर त्याला नुसतं ‘हसन’ म्हणतो. दोघांच्या वयात फार तर वर्षाचं अंतर. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’ लागतं, त्यामुळे हा फरक अर्धा झाकला जातो. मराठीत तो झाकता येत नाही. हसनचा एक संवाद मराठीत करून बघा. तो अमीरला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? आपल्याकडे साठीच्या गड्याला मालकाचं दहा वर्षांचं पोरगं ‘ए’ म्हणून हाक मारायचं आणि म्हातारा त्याला ‘दादा’ म्हणायचा. हे ज्याने ऐकलंय त्याला ‘अमीर आगा’मधला ‘आगा’ समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. दोस्त, गुन्हा, माफी, शरम हे आपले रोजचे शब्द फारसीतून आले, आणि काबूलची दरी भाषा ही फारसीच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे असे शब्द आपल्या बोलीत जास्तच मुरलेत. ज्या शब्दांवर ही कादंबरी उभी आहे त्यातले बरेच आपल्याला भाषांतराशिवाय कळतात. मग तिचा अर्थ मात्र ‘तिकडच्या लोकांचा’ का समजायचा?

विश्वासघात नेमका कुठला?

दुसरा मुद्दा. विश्वासघात म्हटलं की सगळे गल्लीतला प्रसंग सांगतात. बारा वर्षांचं पोर घाबरलं, पळालं, असं लिहितात. घाबरला हे खरंच. पण कादंबरी तिथे थांबत नाही. अमीरला निळा पतंग हवा होता, कारण तो दाखवला की बाबा खूश होणार होते. त्या पतंगाची किंमत हसनने चुकती केली. आणि त्या क्षणी अमीरच्या मनात येऊन जातं की हसन शेवटी हजाराच तर आहे. हे वाक्य तो मोठ्याने बोलत नाही, पण तेच त्याला पळून जायची परवानगी देतं.

थोडा इतिहास इथे लागतो. हजारा हे अफगाणिस्तानच्या मधल्या डोंगराळ भागातले लोक, बहुसंख्य शिया. चेहऱ्यामोहऱ्यावरून वेगळे ओळखू येतात. १८९०च्या दशकात अमीर अब्दुर रहमान खानाने त्यांचे उठाव चिरडले, असंख्य लोक मारले गेले, जमिनी गेल्या, बायका-मुलांना गुलाम करून विकलं गेलं. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती पुढे अमानुल्ला खानाच्या काळात, १९२०च्या दशकात. कायदा बदलला, पण ‘हजारा म्हणजे नोकर’ हे डोक्यातलं समीकरण राहिलं. अली-हसन त्या समीकरणात जन्माला आले होते. १९९८च्या ऑगस्टमध्ये तालिबानने मजार-ए-शरीफ घेतलं तेव्हा हजारांची मोठी कत्तल झाली. तिचा उल्लेख कादंबरीतही आहे.

माझ्या मते गल्लीतल्या पळून जाण्यापेक्षा घड्याळाचा प्रसंग जास्त गंभीर आहे. गल्लीत अमीर भित्रा होता. घड्याळ लपवताना तो भित्रा नाही, तो योजना करतो. का? कारण रोज सकाळी हसनचा चेहरा बघणं त्याला नको झालं होतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो समोर राहिला की आपल्याला आपला अन्याय दिसत राहतो. म्हणून त्यालाच घालवायचं, वर त्याच्यावरच आळ घ्यायचा. माणसं असं करतात. गावंही असं करतात.

आपली गल्ली

काबूल लांब वाटत असेल तर जवळचं उदाहरण घेऊ. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. बाबासाहेबांचं मराठवाड्याच्या शिक्षणाशी नातं जुनं. विद्यापीठ स्थापन झालं १९५८ साली, पण त्याच्याही आधी, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं होतं. तरीही ठराव झाला आणि मराठवाड्यात दंगल पेटली. खेड्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जाळली गेली, माणसं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं गेलं.

तेव्हा जालना जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी आपला परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. गावोगाव तेच घडलं असं मी म्हणत नाही. पण जिथे घडलं तिथे अनेक ठिकाणी हल्ला करणारे आणि मार खाणारे एकमेकांना नावानिशी ओळखत होते. ज्यांचं घर जळलं ते त्याच गावच्या शेतात राबत होते. सुगीला त्यांनीच खळं केलं होतं, पोळ्याला त्यांनीच बैल धुतले होते. आणि या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस होता. त्याने काडी लावली नाही, पण तो आपल्या दाराआडून धूर बघत राहिला. पुस्तकातला अमीर हाच आहे. आसेफ थोडे असतात, अमीर फार असतात.

साडेपंधरा वर्षं आंदोलन चाललं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागलं. तारीख लक्षात घ्या, संक्रांतीची आहे. पतंगांची. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर हजारो लोक येऊन डोकं टेकवतात. त्याच वेळी शहराच्या गच्च्यांवर पोरं पेच लावत असतात. आज वाटूर-परतूर-मंठ्याकडचा प्रत्येक पदवीधर गुणपत्रिकेवर ते नाव घेऊन फिरतो. त्या नावासाठी कोणी काय सोसलं, हे मात्र बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

प्रायश्चित्त म्हणजे काय?

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच गाइड सगळ्यात जास्त घसरतं. ‘अमीरने सोहराबला वाचवून पापक्षालन केले’ असं एका ओळीत उरकतं. आपण जरा नीट बघू.

अमीर हसनची माफी मागू शकत नाही, कारण हसन मेलेला आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. माफी मागायला उशीर झाला तर काय करायचं, हा प्रश्न लेखकाला विचारायचा आहे. पुढे आसेफ अमीरला बेदम मारतो आणि मार खाताना अमीर हसतो, त्याला मोकळं वाटतं. अनेक वाचक इथेच समाधानी होतात, ‘शिक्षा मिळाली, फिटलं.’ पण मोकळं कोणाला वाटलं? अमीरला. हसनच्या पदरात काय पडलं? उलट तिथून बाहेर पडता येतं ते हसनच्याच पोरामुळे. सोहराब बापासारखीच गोफण रोखतो आणि अमीरचा जीव वाचवतो. पुन्हा हसनच्याच घराने किंमत मोजली.

माझ्या मते खरं प्रायश्चित्त नंतर येतं, आणि ते अगदी लहान आहे. अमेरिकेत जेवणाच्या टेबलावर अमीरचे सासरे, जनरल ताहेरी, विचारतात की लोकांनी विचारलं की तुमच्या घरात हा हजारा पोरगा कसा, तर मी काय सांगू? तेव्हा अमीर सगळ्यांसमोर खरं सांगतो. माझ्या बापाने नोकराच्या बायकोशी संबंध ठेवले, हसन त्याचा मुलगा, हा हसनचा मुलगा. आणि सासऱ्यांना बजावतो की यापुढे याला माझ्यासमोर ‘हजारा पोरगा’ म्हणायचं नाही, त्याला नाव आहे, सोहराब.

इथे रक्त सांडत नाही, मारामारी होत नाही. पण अमीर पहिल्यांदाच आपल्याच माणसांसमोर, आपल्याच पंगतीत उभा राहतो. परक्या आसेफशी भांडणं सोपं होतं. सासऱ्याला गप्प करणं अवघड. बाबांनीही आयुष्यभर भरपाई केली. अनाथाश्रम बांधला, हसनचा फाटका ओठ शिवून घ्यायला डॉक्टर आणला, त्याचा वाढदिवस कधी विसरले नाहीत. सगळं दिलं, नाव दिलं नाही. कारण वस्तू दिल्याने आपली जागा हलत नाही, नाव दिलं की हलते. मराठवाड्यातलं ते आंदोलनही नावासाठीच होतं, हा योगायोग वर्गात जरूर सांगा.

आणि तरी कादंबरी ‘सगळं छान झालं’ म्हणत नाही. अमीर सोहराबला दिलेला शब्द मोडतो आणि ते पोर स्वतःचा जीव द्यायला बघतं. अमेरिकेत आल्यावर महिनोन्‌महिने बोलत नाही. शेवटी एका बागेत पतंग उडवताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात अर्धवट हसू येतं, तेवढंच. १९९४चा नामविस्तार मला त्या अर्ध्या हसूसारखा वाटतो. मोठी गोष्ट होती, पण तिथून पुढे खूप चालायचं होतं, अजून आहे.

लेखकाशीही भांडा

मोठं पुस्तक आहे म्हणून मान डोलवत वाचू नका. माझा या कादंबरीवर एक आक्षेप आहे. रहीम खान अमीरला काबूलला जायला सांगतात तेव्हा अमीर आधी टाळतो. दुसऱ्या कोणाला तरी पैसे देऊन पाठवा, पैसे मी देतो, असं म्हणतो. मग कळतं की हसन भाऊ होता, सोहराब पुतण्या आहे. आणि मग तो जातो. प्रश्न असा की पुतण्या निघाला नसता तर? केवळ अली नावाच्या गड्याचा नातू असता तर गेला असता का? लेखकाने रक्ताचं नातं जोडून अमीरचं काम सोपं केलं. आपल्या गावात असं रहस्य उघड होणार नाही. आपल्याला ‘तो आपल्या रक्ताचा नाही, तरीही’ असंच म्हणावं लागणार आहे.

दुसरं, हसन फार चांगला रंगवलाय. तो चिडत नाही, तक्रार करत नाही. अमीर त्याला डाळिंबं फेकून मारतो, मला मार म्हणतो, तर हसन डाळिंब स्वतःच्या कपाळावर फोडून घेतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण सोसणाऱ्याने इतकं सोशिक असावं, ही अपेक्षा कोणाच्या सोयीची आहे? दलित आत्मकथनं वाचलेल्या मुलांना हा प्रश्न लगेच पडेल. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ सालचं, म्हणजे नामांतराच्या ठरावाच्याच वर्षीचं. तिथे हसन स्वतः बोलतो. त्याची गोष्ट अमीरला सांगावी लागत नाही. म्हणून ‘काइट रनर’ शिकवणाऱ्याने शेजारी ‘बलुतं’ ठेवावं असं मी सुचवतो.

काही शंका

‘यात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, मुलांना कसं शिकवायचं?’ शंका योग्य आहे. २००७ साली सिनेमा आला तेव्हा त्यातल्या अफगाण बालकलाकारांना त्या प्रसंगामुळे धोका होईल म्हणून आधी देशाबाहेर न्यावं लागलं. शाळेत हे पुस्तक पूर्ण देऊ नये. महाविद्यालयात द्यावं, पण प्रसंग येण्याआधी सांगावं आणि वर्गात मोठ्याने वाचू नये. ज्याला तो भाग वाचायचा नाही त्याला सक्ती करू नये. आपल्यासमोर बसलेल्यांपैकी कोणी काय सोसलंय, हे आपल्याला माहीत नसतं.

‘यातून अफगाण लोकांबद्दल, मुसलमानांबद्दल वाईट मत होईल.’ नुसतं आसेफ आणि तालिबान दाखवलं तर होईल. पण लेखक स्वतः काबूलमध्ये जन्मलेला अफगाण आहे, हसन आणि रहीम खानही अफगाण आहेत आणि मुसलमान आहेत. आणि आपल्या गावाचा आरसा शेजारी ठेवला की ‘ते लोक तसलेच’ म्हणायची हिंमत होत नाही.

‘जुन्या जखमा कशाला उकरायच्या? वर्गात तेढ होईल.’ ही शंका मला सगळ्यात जास्त ऐकू येते. जखम कोणाची, हे आधी ठरवू. ज्याची आहे त्याच्या घरात ती रोज बोलली जाते. न बोलल्याने आराम मिळतो तो दुसऱ्याला. अमीरही सव्वीस वर्षं बोलला नव्हता, तेढ नव्हतीच, फक्त झोप नव्हती. वर्गात बोलताना पथ्य एकच पाळा, कोणत्याही मुलाला त्याच्या आडनावावरून उभं करून ‘तू सांग तुझा अनुभव’ असं म्हणू नका. तो घरचं सांगायला शाळेत आलेला नाही. ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलेल.

वर्गात करून बघा

१. गल्लीचा प्रसंग झाल्यानंतरचा एक दिवस हसनच्या तोंडून लिहा. मात्र हसनला शहाणा, सोशिक दाखवायचं नाही. त्याला राग येऊ द्या.

२. अमीर-हसनचा एक संवाद आपल्या बोलीत लिहा. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’, ते ठरवा आणि कारण सांगा.

३. घरातल्या किंवा गल्लीतल्या वयस्कर माणसाला विचारा, पूर्वी साल कसं धरायचे, किती उचल मिळायची, गड्याची लेकरं शाळेत जायची का. उत्तर जसंच्या तसं लिहून आणा.

४. दिवाळीनंतर ‘कोयता’ घेऊन आईबापाबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या आपल्या वर्गमित्राचा बाक रिकामा राहतो. हसनला वाचता येत नव्हतं, पण पुढे तो शिकला आणि त्याने अमीरला पत्र लिहिलं. त्या वर्गमित्राचा अभ्यास मागे पडू नये म्हणून वर्ग काय करू शकतो, तीन गोष्टी लिहा. लिहून झाल्यावर त्यातली एक करा.

चौथा उपक्रम मला सगळ्यात जवळचा आहे. वाटूर फाट्यावरून जालना, मंठा, परतूर अशा सगळ्या बाजूंना रस्ते फुटतात आणि ऊस सुरू झाला की यातल्याच रस्त्यांनी लेकरं निघून जातात. कादंबरीवर पंधरा गुणांचं उत्तर लिहिणारा विद्यार्थी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत नसेल, तर त्याला कादंबरी कळली असं मी म्हणणार नाही.

म्हणून पेपर काढणाऱ्या सर्वांना विनंती. ‘मैत्री, विश्वासघात आणि प्रायश्चित्त यांची चर्चा करा’ हा प्रश्न एक-दोन वर्षं बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा : ‘सोहराब अमीरचा पुतण्या नसता, तर अमीरने काय करायला हवं होतं? तुमच्या गावातलं उदाहरण देऊन लिहा.’ याचं उत्तर गाइडमध्ये मिळणार नाही. ते मुलांना स्वतःलाच शोधावं लागेल.

तुमची उत्तरं, आणि माझ्याशी मतभेद असतील तर तेही, जरूर कळवा.